बारावीनंतर फिजिक्स: नाशिकच्या मुलांनी कॉलेज कसं निवडावं

"सर, पोराला पुणे युनिव्हर्सिटीत टाकू की नाशिकच्याच कॉलेजात?" बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. मी दर वेळी आधी एवढंच सांगतो की नाशिकचं कॉलेज म्हणजेच पुणे युनिव्हर्सिटी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे येतात. कॉलेज रोडचं एचपीटी-आरवायके घ्या, गंगापूर रोडचं केटीएचएम घ्या, नाशिकरोडचं बिटको घ्या, नाहीतर पुण्याच्या डेक्कनजवळचं एखादं कॉलेज घ्या. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव तेच.

त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. तुम्ही खरं तर निवडता तो फिजिक्सचा विभाग: चार-सहा शिक्षक, दोन-तीन लॅब, एक लॅब असिस्टंट आणि तुमच्या पुढच्या वर्गातली मुलं. तीन वर्षं यांच्यातच काढायची आहेत. ही निवड कशी करायची ते क्रमाने सांगतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काही चटकन चढाल, एक-दोन ठिकाणी दम लागेल.

पहिली पायरी: गणित आहे का?

अकरावीला गणित सोडून पीसीबी घेतलं असेल तर फिजिक्सच्या बीएस्सीचा विचार जवळजवळ इथेच थांबतो. काही ठिकाणी कागदावर प्रवेश मिळेलही, पण दुसऱ्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन आणि व्हेक्टर कॅल्क्युलस समोर आलं की मूल गळपटतं. बीएस्सी फिजिक्स म्हणजे निम्मं गणितच असतं, हे कुणी आधी सांगत नाही.

गणित असेल तर एक घरगुती परीक्षा घ्या. बारावीच्या स्टेट बोर्डाच्या फिजिक्सच्या पुस्तकातला पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे. पुस्तक मिटून त्यातली दोन डेरिव्हेशन कोऱ्या कागदावर करून पाहा. अडलात तर हरकत नाही. अडल्यावर ‘असं का?’ म्हणून अर्धा तास डोकं खाजवावंसं वाटलं, की लगेच मोबाइल हातात घेतला, एवढंच बघायचं. ब्लॅक होलचे व्हिडिओ आवडणं आणि फिजिक्स आवडणं यात फरक आहे. व्हिडिओ मलाही आवडतात.

दुसरी पायरी: दारं किती आहेत ते बघा

आपल्याकडे बहुतेक घरांत दोनच रस्ते माहीत असतात. इंजिनिअरिंग, आणि ते नाही जमलं तर बीएस्सी. मधली दारं कुणी दाखवत नाही, आणि ती बारावीच्या वर्षातच उघडतात आणि बंद होतात.

सर्वात महत्त्वाचं दार आयसरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचं. देशात अशा सात संस्था आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर. पुण्याची २००६ साली पाषाणला सुरू झाली, एनसीएल या रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम असतो. सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकवतात, मग तुम्ही फिजिक्सकडे वळता आणि शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन करता. प्रवेश आयएटी या परीक्षेवर. तीन तास, ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायॉलॉजीचे प्रत्येकी पंधरा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. इथे नाशिकच्या पीसीएमवाल्या मुलांची एक नेहमीची चूक होते. बायॉलॉजी आपल्याला नाहीच, म्हणून ते पंधरा प्रश्न सरळ सोडून देतात. म्हणजे ६० गुण दारातच ठेवून आत जायचं. पेशी, आनुवंशिकता, परिसंस्था एवढे धडे अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून दोन आठवडे वाचले तरी पाच-सहा प्रश्न पदरात पडतात. रँकमध्ये त्याने मोठा फरक पडतो.

दुसरं दार नेस्टचं. या परीक्षेवर दोन ठिकाणी पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड एमएस्सीला प्रवेश मिळतो: भुवनेश्वरजवळची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सीईबीएस. दोन्ही २००७ च्या, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या आधाराने चालणाऱ्या. इथल्या मुलांना ‘दिशा’ योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळत आली आहे. नाशिकच्या पालकांना मी सीईबीएसचं नाव सांगतो तेव्हा दहातले नऊ जण ते पहिल्यांदाच ऐकतात. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा ठिकाणी देशातलं एक उत्तम फिजिक्सचं शिक्षण आहे, आणि आपण पोराला बेंगळुरूच्या खाजगी इंजिनिअरिंगला पाठवायला कर्ज काढतो.

तिसरं, बेंगळुरूची आयआयएस्सी. २०११ पासून तिथे चार वर्षांचा बीएस (रिसर्च) आहे. जागा थोड्या, स्पर्धा तगडी. चौथं, आयआयटी. जेईई अॅडव्हान्स्डला बसणार असाल तर लक्षात ठेवा की मुंबईला इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आहे आणि कानपूरला फिजिक्सचं बीएस. कॉम्प्युटरच्या मागे धावणाऱ्या गर्दीत या शाखा यादीत खाली राहतात, त्याचा फायदा तुम्ही घ्या. पाचवं, सीयूईटी. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश या परीक्षेवर होतात. दिल्लीच्या जुन्या कॉलेजांत फिजिक्स ऑनर्सची परंपरा भक्कम आहे. तिथला उन्हाळा आणि घरभाडं सोसायची तयारी मात्र हवी.

आणि सहावं दार घरासमोरचं. बारावीच्या टक्क्यांवर मिळणारं बीएस्सी. याला कमी लेखू नका, पुढे त्याच्यावरच सर्वात जास्त लिहिलं आहे.

तिसरी पायरी: तारखा

आयएटी आणि नेस्टचे अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे निघतात आणि परीक्षा साधारण मे-जूनमध्ये होतात. सीयूईटीचंही तसंच. म्हणजे ज्या दिवसांत मुलं बोर्डाच्या गडबडीत असतात, त्याच दिवसांत फॉर्म भरायचे असतात. निकाल लागल्यावर ‘आता बघू’ म्हणणाऱ्याला फक्त सहावं दार उघडं सापडतं. आयएटी आणि नेस्ट दोन्हींना सर्वसाधारण गटाला बारावीत ६० टक्के लागतात. जेईईच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दाखल्यांचंही इथेच सांगतो. केंद्राच्या संस्थांत ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे, तो दाखला आयसरला उपयोगाचा नाही. सेतूत गेल्यावर ‘सेंट्रलचा फॉरमॅट हवा’ असं पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर राज्याचाच हातात पडतो आणि दुरुस्तीत पंधरा दिवस जातात. असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौथी पायरी: विभागात जाऊन या

आता सहाव्या दाराकडे येऊ. नाशिक, पुणे किंवा मुंबईतलं बीएस्सी निवडणार असाल तर प्रवेशाच्या आधी एकदा तरी विभागात जाऊन या. वेबसाइट, नॅकची (कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी, बॅनरवरचे टॉपर हे सगळं संपूर्ण कॉलेजचं असतं. कॉमर्सच्या जोरावर उत्तम श्रेणी मिळवलेल्या कॉलेजात फिजिक्सची लॅब मरतुकडी असू शकते.

मी शिकलो त्या कॉलेजात (नाव सांगत नाही, आता तिथे बरंच बदललंय) मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर होता, प्रकाशाच्या लहरी एकमेकींवर आणून मोजमाप करायचं उपकरण. काचेच्या कपाटात, कुलपात. तीन वर्षांत तो एकदाही टेबलावर आला नाही. ‘महाग आहे, अलाइनमेंट बिघडेल’ हे कारण. परीक्षेत त्याची थिअरी मी पाठ लिहिली आणि चांगले गुणही मिळवले. पुढे एमएस्सीला पुण्यात पहिल्यांदा त्याचा स्क्रू फिरवून फ्रिंज, म्हणजे प्रकाशाचे काळे-उजळ पट्टे, सरकताना पाहिल्या, तेव्हा आपण आजवर काय लिहीत होतो ते कळलं.

म्हणून लॅबमध्ये गेल्यावर उपकरणांची यादी मागू नका. ती सगळीकडे सारखीच असते, कारण अभ्यासक्रम सारखा. धूळ बघा. स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर बोट फिरवा. सोडियम लॅम्प लागतो का विचारा. न्यूटन्स रिंगच्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपला एका वेळी किती जण असतात ते विचारा. दोघं असतील तर छान. सहा जण असतील तर एक रीडिंग घेतो आणि पाच जण उतरवतात. डिजिटल ऑसिलोस्कोप आहेत की अजून जुने सीआरओच, हेही बघा. जुने असले तरी चालू असतील तर मला वावगं वाटत नाही, नॉब फिरवून मुलं जास्त शिकतात.

मग लॅब असिस्टंटशी बोला. प्राचार्य स्वप्न विकतात, विभागप्रमुख सावध बोलतात, लॅब असिस्टंट खरं सांगतो. प्रॅक्टिकल आठवड्याला खरंच होतात का, की सेमिस्टर संपताना चार दिवसांत सगळी उरकतात? मुलं रीडिंग घेतात की उत्तरावरून उलटी काढतात? त्यांना सगळं माहीत असतं.

यानंतरचा प्रश्न जरा नाजूक आहे: कायमस्वरूपी शिक्षक किती आणि सीएचबीवर किती? महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षं प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहत आल्या आहेत आणि त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. गैरसमज नको. मला आजवर भेटलेले काही सर्वोत्तम शिक्षक सीएचबीवरच होते, नेटही झालेले. पण ज्याला तासावर पैसे मिळतात आणि मेमध्ये काहीच मिळत नाही, तो माणूस जानेवारीत दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली की जातो, आणि जायलाच हवा. मग क्वांटम मेकॅनिक्सचा अर्धा पेपर वाऱ्यावर. विभागात निदान तीन-चार माणसं मुरलेली असावीत असा माझा हिशेब आहे.

विभागात एमएस्सी आणि पीएचडीचं संशोधन चालतं का, हेही विचारा. पीएचडीची मुलं रात्री आठपर्यंत लॅबमध्ये असतात, त्यांच्याजवळ घुटमळणारं बीएस्सीचं पोर न शिकवता शिकतं. थिन फिल्म, सेन्सर असल्या विषयांवर आपल्याकडे बरंच काम चालतं, भट्टीपासून मोजमापापर्यंत सगळं हाताने बघायला मिळतं.

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीच्या बॅचमधले किती जण एमएस्सीला गेले आणि कुठे? कुणी जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीत गेला असेल तर त्याचं नाव ते लगेच सांगतील. कुणालाच काही आठवलं नाही, तर तेही उत्तरच आहे.

पाचवी पायरी: विषयांची जोडी

नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, आलं. मेजर फिजिक्स घेणार हे ठरलं असेल तर मायनर गणित घ्या. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सही मोहात पाडतं आणि ते वाईटही नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करायची असेल तर इलेक्ट्रॉनिक्स कामाला येईल. पण पुढे एमएस्सी, पीएचडीचं मनात असेल तर गणिताला पर्याय नाही. पायथॉन स्वतः शिकता येतं, लिनिअर अल्जिब्रा स्वतः शिकणारे मी फार पाहिले नाहीत. प्रवेशाच्या खिडकीवर ‘ही जोडी फुल झाली, ती घ्या’ म्हणतात, तिथे लगेच मान डोलवू नका. दुसऱ्या फेरीत जागा सुटतात.

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि कॉलेजात गाईड आणि संशोधनाची सोयही लागते. चार वर्षांनंतरची एमएस्सी एक वर्षाची. चौथं वर्ष तुमच्याच कॉलेजात होणार का, हे पहिल्याच वर्षी विचारून घ्या. होणार नसेल तर तीन वर्षांनी जॅम देऊन बाहेर पडण्याची तयारी आधीपासून करता येते.

फर्ग्युसन, मुंबईचं झेवियर्स, रुईया ही स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. स्वायत्तता म्हणजे आपोआप दर्जा असं काही नाही. त्यांचे मागच्या दोन वर्षांचे पेपर मिळवा आणि आपल्या कॉलेजच्या पेपरशेजारी ठेवा. प्रश्न ‘व्याख्या लिहा’ छापाचे आहेत की गणितं सोडवायची आहेत? पाच मिनिटांत समजतं.

सहावी पायरी: राहायचं की जायचं

यावर घरात सर्वात जास्त आवाज चढतो. अनुदानित तुकडीची फी वर्षाला काही हजारांत भागते, विनाअनुदानित तुकडीची त्याच्या कित्येक पट. एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि अर्जात ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पुण्याला गेलात तर फी तेवढीच, पण खोली, मेस आणि दर महिन्याला ठक्कर बाजारातून धरायची एसटी. दोनशे किलोमीटर, पाच-सहा तास, आणि चाकणला वाहतूक तुंबली तर विचारूच नका.

माझं मत सरळ आहे. आयसर, सीईबीएस, नायसर यांच्यात लागलं तर डोळे मिटून जा. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात अनुदानित जागा आणि वसतिगृह दोन्ही मिळत असेल तर जा. पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आणि आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था एकाच आवारात आहेत. तिथल्या व्याख्यानांना नुसतं जाऊन बसण्यानेही दृष्टी बदलते. पण पुण्यातल्या कुठल्या तरी कॉलेजात, विनाअनुदानित जागेवर, चौघांत एक खोली घेऊन राहण्यापेक्षा नाशिकला घरचं जेवून तीन वर्षं भरपूर गणितं सोडवणं केव्हाही बरं. वाचलेल्या पैशांत पुढची एमएस्सी होते.

देवळालीचे द. रा. कापरेकर आठवतात का? ६१७४ या आकड्याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात, ते. फर्ग्युसनला शिकले, १९२९ ला मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदवीनंतरची गणिताची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. हे मी मुलांना सांगतो ते गाव सोडा किंवा सोडू नका म्हणून नाही. देवळाली कॅम्पला जाताना हे नाव माहीत नसलेली सायन्सची मुलं भेटतात, याचं वाईट वाटतं म्हणून.

पैशांचं अजून एक. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेत असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरता. योजनेची रक्कम वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे. बोर्डाकडून येणारं पात्रतेचं पत्र जपून ठेवा आणि त्या वर्षीची सूचना वाचा. पैसे उशिरा येतात, त्यावर खोलीभाड्याचं गणित मांडू नका. राज्याच्या योजना महाडीबीटीवर आहेत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या दोन नावांनी शोधा.

सातवी पायरी: प्रवेशाचा दिवस

मार्कशीट, एलसी, आधार, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, ड्रॉप घेतला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी. एलसीची मूळ प्रत देण्याआधी चार झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. आयसरची फेरी चालू असताना इथे एलसी जमा केली असेल, तर ती परत कशी मिळते हे पैसे भरायच्या आधी विचारा.

आठवी पायरी: पहिलं वर्ष वाया घालवू नका

कॉलेज कसंही मिळालं तरी बाहेरची दारं पुन्हा उघडतात, फक्त ती ठोठावावी लागतात. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा नियस नावाचा उपक्रम बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना शिबिराला बोलावतो आणि संशोधनाला जोडून देतो. फिजिक्स शिक्षकांची संघटना, आयएपीटी, पदवीच्या मुलांसाठी एनजीपीई परीक्षा घेते. कॉलेजने केंद्र घेतलं नसेल तर सरांच्या मागे लागा. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या वैज्ञानिकाकडे काम करायला मिळतं. आणि तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत जॅम: तीन तास, १०० गुण, आयआयटीच्या एमएस्सीचा रस्ता. त्याची तयारी दुसऱ्या वर्षी सुरू करणारी मुलं नाशिकमधून जातात. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत सुरू करणारी बहुधा पुढच्या वर्षी पुन्हा बसतात.

आणि प्रवेश घ्यायच्या आधीच, म्हणजे बारावीच्या वर्षीसुद्धा जमण्यासारखी एक गोष्ट. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. शेतांमधून चालत जायचं आणि त्या तारांच्या परडीखाली उभं राहायचं. तिथे स्टॉल लावून बसलेल्या संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना विचारा, ‘तुम्ही बीएस्सी कुठून केलं?’ उत्तरं वहीत लिहून आणा. बोर्डाच्या पेपरची तारीख आडवी येत नसेल, तर पहाटेची एसटी धरा.